सावली न पडणारा प्रोजेक्टर

"पण बेन, तुम्ही त्यावर बघणार काय?" निजामपुऱ्यातल्या त्या दुकानदाराने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मी काउंटरवर पर्स आपटली.

"बघायचं काही नाहीये हो! खेळायचं आहे. माणूस भिंतीसमोर उभा राहणार, हातातलं दांडकं तलवारीसारखं फिरवणार, आणि समोर त्याच्याएवढाच उंच दुसरा माणूस दिसला पाहिजे. आता मला एवढंच सांगा, प्रोजेक्टर पाठीमागे ठेवला तर मधे उभ्या माणसाची सावली भिंतीवर पडेल की नाही?"

मी हे मराठीत सांगितलं, गुजरातीत सांगितलं, शेवटी हातवारे करून सांगितलं. त्याने डोकं खाजवलं. "मॅच जुओ, पिक्चर जुओ, घरमां थिएटर," तो म्हणाला. मग थोडा विचार करून त्याने तोडगा काढला, "भाईने बसून खेळायचं. बसला की सावली नाय."

"आमचे भाऊजी बसून तलवार खेळत नाहीत," मी म्हटलं.

ही दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. तेव्हा बडोद्यात प्रोजेक्टर म्हटला की लोकांना दोनच गोष्टी ठाऊक, कंपनीतल्या मीटिंगा आणि गरब्याच्या मैदानावरचा पडदा. त्यात नवरात्र तोंडावर आलेलं. मांडवीत गेले तर तिथला माणूस भाड्याचाच देऊ करत होता, आणि वर "केटला माणस बेसशे?", म्हणजे माणसं किती बसणार, असं विचारत होता. एकाने सांगितलं, उजेड जास्त तो प्रोजेक्टर चांगला. दुसरा म्हणाला, उजेड सोडा, दिवा किती वर्षं टिकतो ते बघा. एकाने तर मला पादरा गावातल्या एका लग्नाची गोष्ट सांगितली, वरात कशी भिंतीवर दाखवली होती ती. माझं डोकं उठलं. खेळणारा माणूस उभा कुठे राहणार, हा प्रश्न त्या अख्ख्या शहरात एकालाही पडला नव्हता.

मला तो पडला होता, कारण माझ्या डोळ्यासमोर भाऊजी होते.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर, हंबीरराव. त्यांचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते. त्या सगळ्या थाटातलं आमच्याकडे उरलं काय, तर भिंतीवरच्या दोन तलवारी आणि एक दांडपट्टा. भाऊजींनी स्वतः आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवलं. मग नव्वदनंतर वारं फिरलं, कारखान्याला माणसं जड झाली आणि 'स्वेच्छानिवृत्ती' देऊन त्यांना घरी पाठवलं. त्यात त्यांची इच्छा कुणी विचारली नव्हती. दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. हे दुसऱ्या दिवशी आखाड्यात गेले आणि पोरांना लाठी-पट्टा शिकवू लागले, तेही फुकट. लग्न केलं नव्हतंच. आखाडा हाच संसार.

त्यात माणूस डावखुरा. डाव्या हाताने पट्टा फिरवायला लागले की समोरच्याची पंचाईत व्हायची, वार कुठून येतोय तेच कळायचं नाही. आणि खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली की घरातल्या थोरल्याने तलवारीने कोहळा कापायचा, ही आमच्याकडची रीत. एका घावात कापायचा. सासरे गेल्यापासून तो मान भाऊजींचा. तलवार डोक्यावरून अशी खाली यायची की कोहळा आधी तसाच बसून राहायचा आणि मग हळूच दोन्हीकडे उघडायचा. माझ्या मुलाला लहानपणी वाटायचं की काका कोहळ्याला घाबरवतात.

आदल्या वर्षी श्रावणात त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, बोटंही वळायला लागली, पण खांदा धरला तो धरलाच. त्या नवमीला तलवार माझ्या नवऱ्याच्या हातात आली. समरजित माझा नवरा, तसा गुणी माणूस, पण विमा कंपनीत फायली हलवलेला हात तो. तलवार कोहळ्यात अर्धी जाऊन अडकली. ओढली तर कोहळाच तिच्याबरोबर वर आला. पाहुण्यांतलं कुणीतरी फिस्कन हसलं. भाऊजी उठून मागच्या अंगणात गेले आणि जेवायलासुद्धा आले नाहीत.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "संयोगिता, पुढच्या नवमीला कोहळा मीच कापणार. नाही जमलं तर तलवारी काढून कुणाला तरी देऊन टाका. भिंतीवर शोभेला नकोत."

आणि हा माणूस बोलल्याप्रमाणे करतो, ही खरी काळजी.

व्यायामाला भक्ती नावाची मुलगी यायची, फिजिओथेरपिस्ट. तिने दाराच्या चौकटीला कप्पी बांधली होती. उजव्या हाताने दोरी ओढायची म्हणजे डावा वर जातो. भाऊजींना त्या कप्पीचा भयंकर राग. "दोरी ओढायला मी काय विहिरीवर आलोय?" दुखायचंही फार. भक्ती गेली की घामाने सदरा भिजलेला असायचा आणि घरात कुणाशी धड बोलणं नसायचं.

अशात माझ्या मुलाने, राजवर्धनने, पुण्याहून तो व्हिडिओ गेम पाठवला. टीव्हीला जोडायचा, हातात एक दांडकं धरायचं, आणि आपण हात हलवला की पडद्यावरचा माणूस तलवार हलवतो. आधी भाऊजींनी नाक मुरडलं. मग एका दुपारी डाव्या हातात दांडकं घेऊन उभे राहिले आणि चक्क जिंकले. घंटा वाजल्या, पडद्यावर फटाके उडाले. माझ्या सासूबाईंनी, आईसाहेबांनी, झोपाळ्यावरून टाळ्या पिटल्या. रोज खेळ, रोज विजय. महिन्याभरात त्या खेळातला एकही गडी भाऊजींसमोर टिकेना. हात सुधारला म्हणून आम्ही सगळेच खूश. नवमीचा कोहळा आता कापलाच म्हणून समजा, असं घरात बोललं जाऊ लागलं. भाऊजींनी भक्तीला सांगितलं, "बाळ, आता तुझी गरज नाही," आणि कप्पी स्वतः काढून माळ्यावर टाकली.

मग त्यांना तो टीव्ही छोटा वाटायला लागला. "हा काय बोटभर माणूस! याला मारून कसली मर्दुमकी? लाज वाटते मला. समोर माझ्याएवढा गडी उभा करा, म्हणजे नवमीपर्यंत हात खरा तयार होईल."

त्यांच्या उंचीचा टीव्ही घ्यायची आमची ऐपत नव्हती. राजवर्धन फोनवर म्हणाला, "आई, प्रोजेक्टर घे ना. फक्त जवळून मोठं चित्र पाडणारा बघ, म्हणजे काका मधे येणार नाहीत." त्याला सांगायला काय जातंय! पुण्यात बसून सगळं सोपं असतं. इथे मी शिकवते ती शाळा सुटली की पायाचे तुकडे पडेपर्यंत मी हिंडतेय, आणि समरजित घरी बसून म्हणणार, "तुला जो बरा वाटेल तो घे." मला बरा वाटेल तो! मी काय साडी आणायला गेले होते?

निजामपुऱ्यातल्या दुकानदाराला शेवटी उमगलं. तसला एक प्रोजेक्टर येतो म्हणे, भिंतीला चिकटून ठेवला तरी चालतो, शाळांसाठी वगैरे. पण तो मागवावा लागेल आणि दिवाळीनंतर येईल. नवमी तर पुढच्या आठवड्यावर. "त्यापेक्षा हा घेऊन जा," तो म्हणाला. "उंचावर ठेवा, सावली नाय पडे. ना गमे तो पाछुं आपी जजो, बस ने?"

आवडला नाही तर परत करायचा, एवढ्या बोलीवर मी तो खोका रिक्षात घातला.

घरी खोका उघडून टेबलावर ठेवला आणि हात धुवायला आत गेले. तेवढ्यात आईसाहेबांनी कुंकवाचा करंडा काढला. घरात नवी वस्तू आली की तिला कुंकू लावल्याशिवाय त्या हात लावू देत नाहीत. स्कूटरला लावलं, फ्रिजला लावलं, राजवर्धनच्या कॉम्प्युटरलाही लावलं. इथे त्यांना ते गोल काचेचं भिंग दिसलं. तेच त्याचं कपाळ समजून त्यांनी ओलं बोट हळदीत बुडवून, मग कुंकवात बुडवून, नेमकं भिंगाच्या मधोमध टेकवलं.

"आईसाहेब!" मी किंचाळलेच.

"काय झालं ओरडायला? अक्षता राहिल्यात अजून," त्या म्हणाल्या.

मी पुसलं, समरजितने पुसलं, कापसाने पुसलं. तरी चित्राच्या एका कोपऱ्यात गुलाबी डाग राहिलाच. तो डाग मी सोडून दिला, कारण पुढचं संकट मोठं होतं. आमच्या दिवाणखान्यात मधोमध झोपाळा. पूर्ण उंचीचं चित्र हवं तर प्रोजेक्टर नेमका झोपाळ्याच्या जागी यायला हवा. मागे ठेवला तर भिंतीवर झोपाळ्याच्या साखळ्या दिसत, लढणारा गडी तुरुंगात असल्यासारखा. झोपाळा काढायचा विषय मी काढला तशा आईसाहेब त्याच्यावर मांडी घालून बसल्या. "मी गेल्यावर काढा."

मग समरजितला युक्ती सुचली. त्याने प्रोजेक्टर झोपाळ्यावरच ठेवला. गडी भिंतीवर दिसला, भाऊजींएवढा, अगदी हवा तसा, पण डावीकडून उजवीकडे झुलायला लागला. मी माझी जुनी साडी फाडून झोपाळा खिडकीच्या गजांना आवळून बांधला. खिडक्यांवर चादरी घातल्या. भर दुपारी घरात अंधार आणि उकाडा, बाहेर गरब्याच्या मंडपवाल्यांची ठोकाठोक. भाऊजी त्यांच्या खोलीत बसून होते. "सगळं लागू दे, मग मला बोलवा," असं त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांच्या जागी मी समरजितला उभं केलं.

आणि पडली. पडणारच होती! समरजितची काळीकुट्ट सावली भिंतीवरच्या गड्याच्या अंगावर. प्रोजेक्टर कपाटावर चढवला तर गड्याचं डोकं दिसे आणि बाकी सगळा समरजित. "मी जरा वाकून उभा राहू का?" त्याने विचारलं. मी प्रोजेक्टर खाली उतरवला, उत्तर दिलं असतं तर आमचं भांडण झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर खोका घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने प्रोजेक्टर बाहेर काढला, उजेडात धरला आणि त्याला भिंगाच्या कडेला कुंकवाची लाल रेघ दिसली. त्याने मोठ्या आदराने तो परत खोक्यात ठेवला.

"बेन, आनी तो पूजा थई गई," तो म्हणाला. "पूजा झालेली वस्तू मी कशी परत घेऊ? लक्ष्मी पाछी न लेवाय. हवे ए तमारुं, आता हा तुमचाच."

मी वाद घातला. खूप घातला. पण खरं सांगायचं तर तो बोलत होता ते आईसाहेबांनीही जसंच्या तसं म्हटलं असतं, आणि मनातून मलाही ते पटत होतं, याचाच मला जास्त संताप आला. खोका पोटाशी धरून मी घरी आले. रिक्षात रडूसुद्धा आलं. एवढं धावून काय केलं मी? तर भाऊजींच्या गळ्यात एक सावली पाडणारं यंत्र बांधलं.

भाऊजी ओट्यावर उभे होते. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं. "असेल तसा लाव," ते म्हणाले. "नवमी जवळ आली. सावली तर सावली. मी बघतो."

पुन्हा साडीने झोपाळा बांधला, चादरी घातल्या. आईसाहेब पाटावर बसल्या. भाऊजी भिंतीसमोर आले, पाय रोवले, डाव्या हातात दांडकं घेतलं. गडी समोर आला आणि त्याच्यावर भाऊजींची सावली आली. भाऊजींनी वार केला. घंटा वाजली. पुन्हा वार, पुन्हा घंटा. गुलाबी कोपऱ्यात फटाके उडाले. "शाब्बास!" आईसाहेब म्हणाल्या.

मी नेहमीसारखी त्या फटाक्यांकडे बघत होते. भाऊजींना मात्र गडी दिसतच नव्हता. त्यांना दिसत होती फक्त स्वतःची सावली.

आमच्या घरात आरसा दाढीपुरता. झटका आल्यापासून या माणसाने स्वतःला पूर्ण उभं असं पाहिलंच नव्हतं. आणि आम्ही महिनाभर टीव्हीकडे बघून टाळ्या वाजवत होतो. भाऊजींनी पुन्हा हात उचलला, तेव्हा मी पहिल्यांदा सावलीकडे पाहिलं. कोपर बरगडीला चिकटलेलं होतं. खांदा तसूभर हलला नव्हता. सगळं अंग एका बाजूला कललेलं, आणि टोकाला नुसतं मनगट फडफडत होतं. तेवढ्या फडफडीवर तो खेळ घंटा वाजवत होता. समोरचा गडी कोसळला आणि पडद्यावर सोन्याचा करंडक आला.

भाऊजी थांबले. हळूच एकदा मनगट हलवलं. सावलीचं मनगट हललं. मग दात आवळून, सगळा जोर लावून त्यांनी खांदा उचलायचा प्रयत्न केला. सावली अजून वाकडी झाली, हात तिथेच राहिला.

"हा असा आहे होय," ते म्हणाले.

आईसाहेबांना काही कळलं नव्हतं, त्या म्हणत होत्या, "जिंकलास ना बाळा?" मला त्या खेळाचा, त्या करंडकाचा, स्वतःचा भयंकर राग आला. मी म्हटलं, "भाऊजी, मी दुसरा आणते. तो जवळून चित्र पाडणारा मिळतो, सावली न पडणारा. दिवाळीनंतर येईल. होऊ दे काय व्हायचा तो खर्च."

"नको," भाऊजी म्हणाले. "गेम बंद कर."

मी बंद केला. गडी गेला, करंडक गेला. भिंतीवर नुसता निळा उजेड राहिला आणि त्यात त्यांची सावली. मी प्रोजेक्टरही बंद करायला वळले.

"तो राहू दे. उजेड राहू दे. हा खोटं बोलत नाही."

मग ते स्वतः स्टूल ओढू लागले. माळ्यावरची कप्पी काढायची होती त्यांना. समरजितने ती काढली आणि भिंतीसमोर छताला असलेल्या कडीला बांधली. त्याच संध्याकाळी भक्तीला फोन केला. ती आली, खांदा चाचपून बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकी, महिना फुकट गेला. नवमीला काही होणार नाही, आधीच सांगते." बाजूला घेण्यात अर्थ नव्हता, भाऊजींनी ते ऐकलंच.

त्यानंतर रोज दुपारी आमच्या घरी निळी भिंत. समोरच्या घरातल्या कमळाकाकू मुद्दाम डोकावून गेल्या, "नवा प्रोजेक्टर आणलात म्हणे, काय बघता?" काय सांगणार कपाळ! एवढा खटाटोप करून आणलेल्या प्रोजेक्टरवर एक कललेला माणूस दोरी ओढताना दिसतो, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. भाऊजी दोरी ओढत, सावलीकडे बघत, अंग कललं की स्वतःलाच शिवी हासडत आणि पुन्हा सुरू करत. नवमीपर्यंत हात छातीपर्यंतही आला नाही.

नवमीला पाटावर शस्त्रं मांडली. आईसाहेबांनी दोन तलवारी आणि पट्ट्याच्या शेजारी प्रोजेक्टरही आणून ठेवला आणि या वेळी मी भिंगावर आधीच रुमाल बांधला. पूजा झाली. कोहळा पुढे आला. पाहुण्यांत तो मागच्या वर्षी हसणाराही होता. तलवारी देऊन टाका, हे भाऊजींचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

भाऊजींनी उजव्या हाताने तलवार उचलली. क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि ती समरजितपुढे धरली. मग कुणाचा आधार न घेता खाली मांडी घालून बसले, कोहळ्याच्या अगदी समोर. समरजितने तलवार कशीबशी खांद्यापर्यंत नेली.

"थांब," भाऊजी म्हणाले. "मनगटाने नको मारू. मनगट खोटं असतं. खांद्यातून आण."

समरजितने तलवार डोक्यावर नेली. भाऊजी खालून बघत होते आणि त्यांचा स्वतःचा डावा खांदा सदऱ्याच्या आत त्याच्याबरोबर वर जायला धडपडत होता. मला ते दिसलं. तलवार खाली आली. कोहळा क्षणभर तसाच बसून राहिला आणि मग दोन्हीकडे उघडला.

कुणी हसलं नाही. समरजित तलवार हातात धरून लहान पोरासारखा भावाकडे बघत होता. मी उगाचच फुलं गोळा करायला लागले. भाऊजी या वेळी उठून मागच्या अंगणात गेले नाहीत. त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर नीट ठेवला.

"तलवारी परत भिंतीवर लावा," ते म्हणाले. "आणि संयोगिता, आज तो प्रोजेक्टर पूजेत आहे, असू दे. उद्या जेवणं झाली की ती निळी भिंत लाव. त्या भक्तीलाही सांग, दसऱ्याची सुट्टी नाही म्हणावं."